गॅरेजमध्ये जायरोप्लेन बांधताना: किट मागवण्याआधीपासून पहिल्या उड्डाणापर्यंत

मला फोन करणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, "किट कुठलं घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. किट नंतर बघू. आधी जायरोप्लेन शिकवणारा प्रशिक्षक शोधा, त्याच्याबरोबर निदान दहा तास उडा आणि मगच पैसे भरा.

मी नॉर्थ कॅरोलायनात रालीजवळ राहते. घराच्या दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये मी एका आसनाचं जायरोप्लेन किटमधून बांधलं. चौदा महिने लागले, वहीत नोंदलेले तास ३१२. लहानपण कोल्हापूरला उद्यमनगरात बाबांच्या लेथच्या शेडमध्ये गेल्यामुळे हत्यारांची भीती नव्हती, पण विमानाच्या कामाची शिस्त वेगळी आहे हे पहिल्याच महिन्यात कळलं. त्या वहीवरून हे लिहितेय. काम अमेरिकेत झालं, त्यामुळे नियम इथले आहेत.

यंत्र आधी समजून घ्या

जत्रेतलं भिरभिरं हातात धरून पळालं की ते आपोआप फिरतं. जायरोप्लेनचा वरचा रोटर, म्हणजे डोक्यावरच्या लांब पात्यांची जोडी, असाच फिरतो, उडताना त्याला इंजिन जोडलेलं नसतं. इंजिन फिरवतं ते पाठीमागच्या प्रोपेलरला. प्रोपेलर यंत्राला पुढे ढकलतो, आणि किंचित मागे कललेल्या रोटरमधून हवा खालून वर जाते. त्या हवेवर रोटर फिरत राहतो आणि उचलही तोच देतो. म्हणून इंजिन बंद पडलं तरी रोटर थांबत नाही, यंत्र तिरकं उतरत जमिनीवर येतं.

ही कल्पना प्रत्यक्षात आणली स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ हेताफे इथे त्यांचं सी-४ हे यंत्र नीट उडालं. त्याआधीची त्यांची यंत्रं कुशीवर कलंडायची, कारण समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे पुढे जाणाऱ्या पात्याला जास्त उचल मिळते आणि मागे येणाऱ्याला कमी. सिएर्वांनी पात्याच्या मुळाशी बिजागरी बसवली. पातं वरखाली व्हायला मोकळं झालं आणि दोन्ही बाजूंची उचल सारखी होऊ लागली. आपल्या किटमध्ये हेच काम टीटर बोल्ट करतो. दोन पाती एका दांड्यावर बसवलेली असतात आणि तो दांडा या बोल्टवर सीसॉसारखा डोलतो. उडताना तुमचं सगळं वजन याच एका बोल्टला लटकलेलं असतं, आकाशकंदील दोरीला लटकावा तसं. हे चित्र डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

घरी जायरो बांधायची परंपरा तर माझ्याच गावची. रशियात जन्मलेल्या इगोर बेन्सन यांनी १९५०च्या दशकात रालीला कंपनी काढून आराखडे आणि किट विकायला सुरुवात केली. चौकोनी ॲल्युमिनियमच्या ट्यूब, बोल्ट, मागे छोटं इंजिन. १९६२ मध्ये त्यांनी पॉप्युलर रोटरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली. पुढच्या काळात पुष्कळांनी यंत्र स्वतः बांधलं आणि उडवायलाही स्वतःच शिकायचा प्रयत्न केला. त्यात माणसं गेली. यंत्र साधं दिसतं म्हणून ते उडवणंही साधं असेल, हा समज त्यांना भोवला.

प्रशिक्षण आधी का

अमेरिकेत जायरोप्लेनसाठी स्पोर्ट पायलट परवान्याला कायद्याने किमान २० तास लागतात, त्यातले १५ प्रशिक्षकाबरोबर. तुमचं यंत्र एका आसनाचं असेल तर प्रशिक्षक त्यात बसूच शकत नाही. सगळं शिकणं दुसऱ्या, दोन आसनी यंत्रावर होणार. म्हणून ते आधीच करून घ्या. त्यातून आपल्याला उघडं यंत्र आवडतं की बंद कॉकपिट, मागे मोठं इंजिन हवं की नको, हेही कळतं.

साधं विमान उडवता येणाऱ्यांनी तर हे जास्तच मनावर घ्यावं. विमानाचा वेग कमी झाला की नाक खाली करायचं, हे त्यांच्या हातात मुरलेलं असतं. जायरोमध्ये स्टिक झटक्यात पुढे ढकलली तर रोटरवरचा भार क्षणभर निघून जातो. भार नसेल तर रोटर मंदावतो, आणि हवेत मंदावलेला रोटर पुन्हा वेग पकडेलच असं नाही.

इथे अल्ट्रालाइटचा एक वेगळा नियम आहे. रिकामं वजन २५४ पौंडांपेक्षा कमी, इंधन जास्तीत जास्त ५ गॅलन, वेग ५५ नॉटच्या आत, एकच आसन: यात बसणाऱ्या यंत्राला नोंदणी लागत नाही आणि उडवणाऱ्याला परवानाही लागत नाही. ही सवलत कायद्याची आहे. हवा ती सवलत देत नाही. यंत्र या वर्गात बसत असेल तरी प्रशिक्षण पूर्ण घ्या.

किट निवडताना बघायची एक गोष्ट

रंग, वेग, आसन, कंपनीचं नाव, सगळं नंतर. आधी हे विचारा: प्रोपेलरच्या आसाची रेषा यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या किती वरून किंवा खालून जाते?

घरातलं उंच लोखंडी कपाट सरकवायचं असेल तर आपण ते मध्यावर किंवा त्याखाली ढकलतो. वरच्या टोकाला ढकललं तर ते पुढे कोसळेल हे लहान पोरालाही समजतं. प्रोपेलर मोठा बसवायचा म्हणून इंजिन उंच बसवलं, पायलट मात्र खाली बसला, तर प्रोपेलर यंत्राला सतत वरच्या टोकाला ढकलतो आणि नाक खाली दाबतो. एरवी रोटरची ओढ हे दडपण तोलून धरते. पण हवेच्या झटक्याने किंवा चुकीने स्टिक पुढे गेल्याने रोटर हलका झाला की तोलणारं कुणी उरत नाही. प्रोपेलर ढकलतच असतो. यंत्र पुढच्या बाजूला कोलांटी खातं, आणि त्यातून बाहेर पडायला उंची किंवा कौशल्य उपयोगी पडत नाही.

ब्रिटनच्या विमानवाहतूक प्राधिकरणाने ग्लासगो विद्यापीठाकडून यावर अभ्यास करून घेतला होता. गुरुत्वमध्याची उभी जागा आणि प्रोपेलरची रेषा यांचं नातं जायरोच्या स्थैर्याला किती निर्णायक आहे ते त्यातून पुढे आलं. तिथे या दोहोंतल्या फरकासाठी २ इंच ही मर्यादा धरली गेली. मी किट निवडताना हाच आकडा हाताशी ठेवला. त्याच्या जोडीला मोठं, प्रोपेलरच्या झोतात येणारं आडवं शेपूट हवं. शेपूट नसलेलं जुनं किट स्वस्तात मिळत असेल तर घेऊ नका.

विक्रेत्याला विचारा: "हा फरक तुम्ही कसा मोजलात, किती वजनाचा पायलट बसवून?" सरळ उत्तर मिळालं नाही तर मी ते किट सोडून देईन. मी दोन सोडली.

कागद पहिल्या दिवसापासून

आपण बांधलेलं यंत्र 'एक्स्पेरिमेंटल, हौशी बांधणी' या वर्गात नोंदवायचं असेल तर निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असलं पाहिजे. लोक याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. पैसे देऊन करून घेतलेलं काम यात धरत नाहीत. हे सिद्ध करायला वही आणि फोटो लागतात. रोज काम संपलं की तारीख, तास, काय केलं, कुठले बोल्ट किती टॉर्कने आवळले, हे मी लिहीत गेले. फोटोत माझे हात दिसतील याची काळजी घेतली. शेवटी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने ही वही यंत्राइतकाच वेळ वाचली.

ज्यांना हे भारतात करायचं आहे त्यांनी किट मागवण्याआधी डीजीसीएशी, म्हणजे तिथल्या विमानवाहतूक नियामकाशी, लेखी बोलणं करावं. यंत्र तयार झाल्यावर नोंदणीच्या मागे लागणं किती दमवणारं असतं ते कॅप्टन अमोल यादव यांच्या उदाहरणावरून मराठी वाचकांना माहीत आहे. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं, आणि त्याची नोंदणी व्हायला २०१७ साल उजाडलं.

सांगाडा

खोकी आली की पहिले तीन दिवस काहीही जोडू नका. यादीतला प्रत्येक भाग हातात घ्या, मोजा, खूण करा. माझ्या किटमधल्या दोन पुड्यांत बोल्टची लांबी चुकीची निघाली. बदलून यायला पाच आठवडे गेले. तोवर शेपटीचं काम करता आलं, कारण आधी मोजलं होतं.

मुख्य भाग तीन: खालची आडवी ट्यूब म्हणजे कील, उभा मास्ट, आणि चाकांचा आडवा ॲक्सल. माझ्या किटमध्ये ६०६१-टी६ ॲल्युमिनियमची २ इंची चौकोनी ट्यूब होती, भिंत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जाडीची. ज्या ट्यूबला भोकं पाडायची असतील तिथे सेंटर पंच मारा, आधी लहान ड्रिल घाला आणि शेवटचं माप रीमरने, म्हणजे भोक अचूक मापाचं करणाऱ्या हत्याराने, करा. भोक सैल झालं तर बोल्ट त्यात हलतो, आणि कंपनाने ते भोक लांबट होत जातं. प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कोर, काढा, आतल्या बाजूचीही. ॲल्युमिनियमवर आडवा ओरखडा उठला तर तिथूनच पुढे तडा जातो, म्हणून ट्यूबवर पेन्सिलीनेही रेघा ओढू नका. खूण करायला मार्कर किंवा कागदी चिकटपट्टी वापरा.

माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. कीलवरचं एक भोक मी मापाच्या चुकीच्या टोकाकडून मोजलं आणि एक सूत पुढे पाडलं. बाबांना व्हिडिओवर दाखवलं. ते म्हणाले, "ट्यूब बाजूला ठेव. त्या भोकाशेजारी दुसरं भोक पाडायचा विचारसुद्धा करू नकोस." नवी ट्यूब मागवली. जुनी भिंतीला टांगून ठेवली आहे.

बोल्टबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट इथे चालत नाही. विमानाचे बोल्ट एएन मापाचे, म्हणजे विमानांसाठी ठरलेल्या मानकाचे, असतात. एएन-३ म्हणजे इंचाचे तीन सोळांश, एएन-४ म्हणजे चार सोळांश, म्हणजे पाव इंच. बोल्टचा आटे नसलेला भाग जोडाच्या जाडीइतका हवा. आट्यांवर भार येता कामा नये. नट आवळल्यावर बाहेर एक ते तीन आटे दिसावेत, लांबी थोडी जास्त असेल तर वॉशर घाला. साध्या नटांसाठी टॉर्क एएन-३ला २० ते २५ इंच-पौंड, एएन-४ला ५० ते ७०, एएन-५ला १०० ते १४०. हे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. किटच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा.

जो जोड फिरतो किंवा हलतो तिथे नायलॉनचा लॉकनट चालत नाही. तिथे खाचांचा नट आणि त्यातून आरपार कॉटर पिन. प्रत्येक आवळलेल्या बोल्टवर नटापासून ट्यूबपर्यंत रंगाची रेघ ओढा. पुढे कधीही नट हलला तर रेघ तुटलेली दिसते.

सांगाडा उभा राहिला की चौरस आहे का ते बघा. ॲक्सलच्या दोन्ही टोकांपासून शेपटीच्या टोकापर्यंत टेप लावा, दोन्ही अंतरं सारखी यायला हवीत. मास्ट दोन्ही बाजूंनी सरळ आहे का ते ओळंब्याने पाहा. गुण्या जवळच्या कोपऱ्यात ठीक असतो, पण दहा फुटांच्या यंत्राला टेप आणि ओळंबाच खरं सांगतात.

नियंत्रणं आणि रोटर हेड

स्टिकपासून दोन दांडे वर रोटर हेडपर्यंत, म्हणजे मास्टच्या माथ्यावर रोटर ज्यावर बसतो त्या भागापर्यंत, जातात. त्यांच्या टोकांना गोल बेअरिंग असतात. बेअरिंग झिजून गोळी निसटली तरी दांडा सुटू नये म्हणून बाहेरून मोठा वॉशर घालतात. हा वॉशर विसरला जातो, कारण तो नसला तरी सगळं नीट चालतं. कुठे हवा ते पुस्तकात बघून आधीच यादी करा.

जोडून झाल्यावर दिशा तपासा. स्टिक डावीकडे, रोटर हेड डावीकडे. स्टिक मागे, हेड मागे. उजवं पेडल, रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) उजवीकडे. हे एकटीने तपासू नका. दुसरं माणूस बाहेर उभं करा, आणि तुम्ही काय हलवलं ते न सांगता त्याला काय हललं ते मोठ्याने सांगायला लावा. मी माझ्या मुलीला उभं केलं होतं.

टांगणी चाचणी

या एका कामाला मी दोन शनिवार-रविवार दिले. तुम्हीही द्या. यंत्र हवेत स्थिर राहील की नाही ते इथे ठरतं, आणि तेही जमिनीपासून चार इंचांवर.

गॅरेजच्या छताला हुक मारून हे करू नका. तुमचं आणि यंत्राचं वजन मिळून साडेचारशे-पाचशे पौंड होतं. मी इंजिन उचलायचा भाड्याचा क्रेन आणला आणि चाकांखाली लाकडी ठोकळे ठेवले, म्हणजे साखळी सुटली तरी यंत्र इंचभरच खाली येईल.

पाती काढलेली असतात. साखळी टीटर बोल्टच्या जागी लावा. पायलटने हेल्मेट, बूट, जाकीट घालून, पट्टे बांधून, उडताना बसतो तसंच बसायचं. बंद गॅरेजमध्ये टाकीत पेट्रोल भरू नका. ५ गॅलन पेट्रोल म्हणजे साधारण ३० पौंड, तितक्या वजनाचा पाण्याचा कॅन टाकीला घट्ट बांधा. एकदा त्यासह आणि एकदा त्याशिवाय मोजा. यंत्र उचला, झोके थांबू द्या, मग कीलवर डिजिटल कोनमापक ठेवून किती अंश नाक खाली आहे ते वाचा.

किटच्या पुस्तकात या कोनाची मर्यादा दिलेली असते. नाक प्रमाणाबाहेर खाली असेल तर गुरुत्वमध्य रोटरच्या खूप पुढे आहे. उतरताना स्टिक पूर्ण मागे ओढूनही नाक उचलणार नाही. नाक खूप वर असेल तर उलट, वेगात असताना पुढे ढकलायला स्टिक उरणार नाही. माझं यंत्र मर्यादेपेक्षा दीड अंश जास्त नाक खाली टाकत होतं. मास्टच्या माथ्यावर रोटर हेड धरणाऱ्या पट्ट्यांना भोकांची रांग असते. हेड एक भोक पुढे सरकवलं, पुन्हा टांगलं, कोन बसला. शिसं बांधून कोन जमवायचा मोह टाळा, आधी हेडची जागा बदलून बघा.

बरेच जण इथे थांबतात. या चाचणीने गुरुत्वमध्य पुढे-मागे कुठे आहे ते कळतं, वर-खाली कुठे आहे ते कळत नाही, आणि कपाटाचा प्रश्न तर उभ्या जागेचाच आहे. त्यासाठी दुसऱ्यांदा, दुसऱ्या बिंदूतून टांगावं लागतं.

पद्धत अशी. पहिल्यांदा टांगलेलं असताना टीटर बोल्टमधून ओळंबा खाली सोडा. यंत्राच्या बाजूला, अगदी काटकोनात, जमेल तितका दूर कॅमेरा तिपाईवर ठेवून फोटो काढा. जवळून काढला तर मापं फसवतात. मग साखळी दुसरीकडे लावा. मी मास्टच्या मागे, इंजिनाच्या चौकटीला, किट बनवणाऱ्यांनी सांगितलेल्या जागी लावली. यंत्र आता वेगळ्या कोनात लटकेल. पायलटने पट्ट्यांत सरकायचं नाही, शरीर आसनाला चिकटलेलं हवं. पुन्हा ओळंबा त्या नव्या बिंदूतून सोडा, पुन्हा फोटो. टांगलेली वस्तू नेहमी गुरुत्वमध्य टांगण्याच्या बिंदूच्या बरोबर खाली येईल अशीच थांबते. म्हणून दोन्ही ओळंब्यांच्या रेषा यंत्राच्या बाजूच्या आराखड्यावर उतरवल्या की जिथे त्या छेदतात तिथे गुरुत्वमध्य. शेवटी प्रोपेलरच्या आसाची रेषा त्याच आराखड्यावर ओढा आणि मधलं अंतर मोजा.

माझ्या यंत्रात प्रोपेलरची रेषा गुरुत्वमध्याच्या पाऊण इंच वर आली. मी तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा पाऊण इंचाच्या आसपास. आसन वर उचलायची सोय होती, तरी दोन इंचांच्या आत आहे म्हणून तसंच ठेवलं. तुमचा आकडा दोन इंचांपेक्षा जास्त आला तर आसन वर घ्या, मग पुन्हा टांगा. तुमच्यापेक्षा तीस-चाळीस पौंड जड किंवा हलकं माणूस हे यंत्र उडवणार असेल तर त्याला बसवून वेगळं टांगा. माझ्यासाठी आलेला आकडा त्याला लागू नाही.

इंजिन आणि इंधन

माझं इंजिन रोटॅक्स ५८२: दोन स्ट्रोक, दोन सिलिंडर, पाण्याने थंड होणारं, दुहेरी इग्निशन, सुमारे ६५ अश्वशक्ती. बसवण्याचं काम पुस्तकात नीट दिलेलं असतं, म्हणून चार गोष्टीच सांगते. इंधनाच्या नळीला शक्य तितकी कमी वळणं द्या आणि ती सायलेन्सरपासून लांब ठेवा. टाकीचा हवेचा रस्ता बंद पडला तर इंजिन गुदमरतं, तो रोज फुंकून बघा. प्रवाह मोजा: नाक चढणीइतकं वर करून, पंप चालू ठेवून, मापाच्या भांड्यात किती वेळात किती इंधन पडतं ते लिहा. पूर्ण ताकदीला इंजिन जितकं पितं त्याच्या १२५ टक्के तरी मिळालं पाहिजे, आणि पंपाशिवाय नुसत्या उताराने येत असेल तर १५० टक्के. चौथी गोष्ट इग्निशनच्या स्विचची. हा स्विच बंद केल्यावर वायर अर्थ होते, म्हणजे इंजिनाच्या धातूला जोडली जाते, आणि ठिणगी थांबते. ती वायर तुटली तर स्विच बंद दिसतो, इंजिन मात्र जिवंत असतं. प्रोपेलरला हात लावताना तो कधीही फिरेल असं धरूनच लावा.

पहिल्यांदा चालवताना यंत्र जमिनीत पक्क्या गाडलेल्या खुंटीला बांधा, चाकांना ठोकळे लावा, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा. प्रोपेलरच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.

रोटरची पाती

पाती गॅरेजमध्ये लावता येत नाहीत. एकेक पातं साधारण ११ फुटांचं, जोडल्यावर २३ फुटांचा दांडा होतो. मी हे काम धावपट्टीच्या हँगरमध्ये केलं.

दोन्ही पाती जोडीने आलेली असतात, क्रमांकही जोडीचा असतो. कुठलं पातं हबच्या, म्हणजे पाती जोडणाऱ्या मधल्या दांड्याच्या, कुठल्या बाजूला ते खुणेने लिहून ठेवा, कारण दर वेळी त्याच जागी बसवायचं आहे. पात्यांवर भोक पाडणं, कानस मारणं, वरून रंगाचा थर देणं यातलं काहीही करू नका.

आधी सरळ रेषा. हब आणि पाती सुताराच्या तीन-चार लाकडी घोड्यांवर समपातळीत ठेवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन्ही पात्यांवर एकाच मापाच्या खुणेवरून मासेमारीचा दोरा ताणा. दोरा टीटर बोल्टच्या बरोबर मध्यावरून जायला हवा. बाजूला जात असेल तर हबचे बोल्ट सैल करून पातं केसभर हलवा, आवळा, पुन्हा बघा. मला यात एक आख्खी दुपार लागली आणि त्या दुपारीमुळे पुढचे कित्येक दिवस वाचले. मग तोल: टीटर बोल्टवर मोकळं ठेवल्यावर कुठलंही टोक खाली जाता कामा नये.

शेवटी माग, म्हणजे दोन्ही टोकं एकाच पातळीतून फिरतात का ते. टोकांना वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या चिकटवा आणि मास्टवर किंवा तिपाईवर बसवलेल्या कॅमेऱ्याने बघा. माणसाने रोटरच्या पातळीत उभं राहायचं नाही. एक पातं वरून जात असेल तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्याचा कोन बदला. उडताना दर फेऱ्याला एकदा स्टिक हलत असेल तर तोल किंवा माग चुकलाय. दर फेऱ्याला दोनदा हलत असेल तर टीटर बोल्टची उंची तपासायची वेळ आली आहे.

तपासणी, मग धावपट्टी

तपासणीला बोलावण्याआधी ईएएचा, म्हणजे हौशी विमान बांधणाऱ्यांच्या इथल्या संघटनेचा, तांत्रिक सल्लागार घरी बोलवा. हे अनुभवी बांधणारे स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. माझ्याकडे आलेल्या काकांनी वीस मिनिटांत दोन कॉटर पिना चुकीच्या वळवलेल्या शोधल्या. अधिकृत तपासणी झाली की यंत्रावर 'एक्स्पेरिमेंटल' अक्षरं, न जळणारी ओळखपट्टी आणि चाचणी उड्डाणांच्या अटी येतात. माझ्या अटींत ४० तास होते, ठरलेल्या परिसरात, एकटीने.

पहिले काही दिवस फक्त जमिनीवर. रोटर मंद असताना वेगाने पुढे गेलात तर मागे येणारं पातं खाली कोसळतं, पाती फडफडतात, स्टिक हातात दणके देते, आणि पाती शेपटीला लागून सगळं मोडतं. म्हणून आधी प्रीरोटेटरने, म्हणजे रोटरला सुरुवातीची फिरकी देणाऱ्या जोडणीने, रोटर फिरवा, स्टिक मागे घ्या, मग हळूहळू वेग वाढवा. रोटर वेग घेतोय तितकाच वेग तुम्ही घ्यायचा. पहिला दणका जाणवला की थ्रॉटल बंद, स्टिक पुढे. हे हाताला येईपर्यंत मी आठ सकाळी नुसती धावपट्टीवर येरझाऱ्या घातल्या. रोटरच्या फेऱ्यांचा काटा बघायची सवयही इथेच लागली. उडताना तो मिनिटाला ३०० ते ४००च्या दरम्यान असतो.

पहिल्या उड्डाणाला वारा शांत हवा, धावपट्टी लांब हवी, आणि तुमचा प्रशिक्षक रेडिओ घेऊन कडेला उभा हवा. थोडं उचलून लगेच टेकवायच्या उड्या मारत शिकू नका. त्यात ताकद सारखी कमी-जास्त होते आणि हात गोंधळतो. मी प्रशिक्षकाने ठरवल्याप्रमाणे सरळ वर गेले, एक घेर घेतला आणि उतरले. सहा मिनिटं. उतरल्यावर रोटर थांबेपर्यंत स्टिक पुढे, तोंड वाऱ्याकडे, आणि वळणं अगदी सावकाश.

पहिल्या तासानंतर प्रत्येक बोल्टवरची रंगाची रेघ तपासली. इंजिनाच्या चौकटीवरच्या दोन रेघा तुटलेल्या होत्या. पाचव्या आणि दहाव्या तासानंतर पुन्हा तपासलं, तेव्हा सगळ्या अखंड होत्या. बाविसाव्या तासाला मी बॅटरी आसनाखालून मागे हलवली. भाड्याचा क्रेन परत आणला, तेच जाकीट, तेच बूट, तोच पाण्याचा कॅन. कोन अर्ध्या अंशाने बदलला होता, मर्यादेतच होता. आकडा वहीत लिहिला आणि मगच पाती पुन्हा चढवली.